वास येत नाही आणि जेवणानंतर शुगर वाढते: माझा अनुभव

कोविडनंतर वास गेला तो गेलाच, जेवण पुठ्ठ्यासारखं लागायचं, जिभेला गोड-खारट तेवढं कळायचं म्हणून हात सारखा गुळाकडे नाहीतर लोणच्याकडे, जेवणानंतर शुगर 240. शुगर-फ्री घेतलं, गरम मसाला दुप्पट केला, काही नाही, अक्षरशः रडू यायचं.

मग हे जमलं. आधी काकडी-कोबीची कोशिंबीर, लिंबू पिळून, वर शेंगदाण्याचं जाडसर कूट, दाताखाली कचकच आली पाहिजे. मग मटकीची उसळ नाहीतर अंडं, सोबत ठेचा, कारण मिरचीची झणझण वासाशिवायही कळते. भाकरी सगळ्यात शेवटी, एकच, कडक भाजलेली. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशाच चालू. महिन्याभरात 165 च्या आसपास. आणि उसळ आंबलेली वासावरून कळत नाही, म्हणून डब्यावर तारीख लिहितोच.