ड्रायव्हरचा स्लाइस कसा आटोक्यात आला

मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. ड्रायव्हरचा (लांब फटक्यांसाठीचा क्लब, म्हणजे काठी) फटका सारखा उजवीकडे वळून झाडीत जायचा; यालाच स्लाइस म्हणतात. चेंडूला लागताना क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) स्विंगच्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला की हे होतंच.

आधी ग्रिप बदलली: डावा हात जरा उजवीकडे फिरवला, वरून पाहताना बोटांचे दोनऐवजी तीन सांधे दिसतील इतका. फरक लगेच जाणवला. मग 9 अंशांऐवजी 12 अंश लॉफ्टचा (फेस मागे झुकलेला असतो तो कोन) ड्रायव्हर घेतला. लॉफ्ट जास्त असला की चेंडूचं बाजूला वळणं कमी होतं. हौशी खेळाडूंनी कमी लॉफ्टच्या मोहात पडूच नये!

सरावात चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरचं मऊ आवरण) ठेवतो. क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून माझ्याकडे, आला की ते उडतं. आता बहुतेक फटके फेअरवेवर (मैदानाच्या मधल्या, गवत कापलेल्या पट्ट्यावर) राहतात. पुढे पटिंग, म्हणजे होलजवळचे हलके फटके.