पळस फुलला असता पैनगंगेच्या खोऱ्यात कसे जावे

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, किनवट आणि माहूर तालुक्यांत पैनगंगेच्या अंगाने पसरलेल्या डोंगराळ पट्ट्यात फाल्गुनाच्या सुमारास पळस फुलतो. तो पाहण्यासाठी बाहेरून येणारे बहुतेक जण जी पहिली चूक करतात, ती म्हणजे होळीची तारीख धरून प्रवास ठरवणे. होळी 2024 साली 24 मार्चला होती आणि 2025 साली 13 मार्चला. झाड मात्र पंचांग पाहत नाही. साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी त्या भागातील ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून फांद्यांवर काळपट, मखमली कळ्या आहेत की फुले उमलली आहेत, एवढेच विचारावे. कळ्या असतील तर आठ-दहा दिवस थांबता येते. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर मात्र थांबू नये, कारण 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर झाली तशी गारपीट झाल्यास रब्बीच्या पिकासोबत हा बहरही एका दुपारी जमिनीवर येतो.

रेल्वेने जायचे असल्यास मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील हिमायतनगर, सहस्रकुंड आणि किनवट ही स्थानके सोयीची आहेत. स्वतःचे वाहन असल्यास भोकर, हिमायतनगर या वाटेने जावे. मुक्कामासाठी किनवट किंवा माहूर निवडावे. माहूर हे रेणुकादेवीचे क्षेत्र असल्यामुळे तेथे राहण्याची सोय होते, पण पौर्णिमेच्या आसपास गर्दी असते.

फुले कोठे पाहावीत, याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पळस दाट सागवानी जंगलापेक्षा मोकळ्या माळावर, गायरानात आणि शेताच्या बांधावर अधिक खुलतो, म्हणून जंगलात खोल शिरण्याचा हट्ट धरण्यापेक्षा गावाबाहेरच्या गाडीवाटेने सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पायी फिरावे. त्या वेळी ऊन तिरपे असते, झाडावर पान नसल्यामुळे केशरी रंग लांबूनच दिसतो, आणि मधासाठी शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल असे पक्षी फुलांवर उतरलेले असतात. फुलाला वास जवळजवळ नसतो. त्याचा सारा कारभार पक्ष्यांशी आहे. काटेसावर आणि पांगारा हेही याच सुमारास फुलतात, परंतु त्या दोन्हींच्या खोडा-फांद्यांवर काटे असतात आणि पळसाला ते नसतात, म्हणून पळस चटकन ओळखू येतो. सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्याच्या आशेने मात्र या दिवसांत जाऊ नये. तो पावसाळ्याचा विषय आहे.

बांधावरचे झाड कोणाच्या तरी शेतात असते, ही गोष्ट छायाचित्रे काढणारे विसरतात. त्या दिवसांत हरभरा-गव्हाची काढणी चाललेली असते, तेव्हा शेतात पाऊल टाकण्यापूर्वी “काका, झाडापाशी जाऊ का?” असे विचारावे; नकार सहसा मिळत नाही, उलट पाण्याचा तांब्या पुढे येतो. बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी, म्हणजे होळीची पारंपरिक गाणी, गायली जातात. ऐकायला बसण्यापूर्वी तांड्यातील वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि स्त्रियांचे चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नये. कोठे पिवळा पळस दिसला तर त्याचा ठावठिकाणा जगजाहीर करू नये, कारण अशा झाडाभोवती धनलाभाच्या समजुती आहेत आणि त्यापायी साल, मुळे ओरबाडली जातात.

विडी, सिगारेट, चूल यांतील काहीही जंगलाच्या कडेला पेटवू नये. पाचोळा इतका वाळलेला असतो की एक ठिणगी पुरे होते. ऊन दहानंतर चढू लागते, म्हणून प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, डोक्याला उपरणे किंवा टोपी आणि काट्यांना पुरतील असे बूट घ्यावेत. अकरापर्यंत सावलीत परतावे आणि पुन्हा चारनंतर बाहेर पडावे.

रंगासाठी फुले हवी असतील तर फांदी न मोडता झाडाखाली पडलेली ताजी फुले कापडी पिशवीत गोळा करावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात. घरी आल्यावर ती रात्रभर पाण्यात भिजवावीत, सकाळी त्याच पाण्यात उकळावीत आणि गार झाल्यावर फडक्याने गाळावीत. रंग पिवळसर केशरी येतो. तो अधिक गडद हवा असल्यास, केवळ कापड रंगवण्यासाठी, चिमूटभर खायचा चुना घालावा; अंगावर खेळायच्या रंगात तो घालू नये.