कोल्हापूरच्या गाण्याबजावण्याची मासिक यादी कशी करावी

या महिन्यात शहरात कोण गाणार आहे, कोणाचा कार्यक्रम कोठे आहे आणि कोणत्या स्थानिक कलावंताचे नवे गाणे येणार आहे, याची एक पानी यादी करणे हे काम ऐकायला फार सोपे वाटते. ‘व्हॉट्सॲपवर पत्रिका फिरतातच, त्या तारखेनुसार लावायच्या,’ असे सांगणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्यापैकी एकानेही अशी यादी सलग तीन महिने चालवलेली नसते. मी ती गेली नऊ वर्षे करत आहे, आणि पत्रिका तारखेनुसार लावणे हा त्यातला दहा मिनिटांचा भाग आहे.

पहिली पायरी : हद्द ठरवणे

यादीत काय घ्यायचे आणि काय नाही, हे आधीच लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणाशी वाद होत नाही. माझी हद्द कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि मिरज एवढी आहे. मिरज पन्नासेक किलोमीटरवर असली, तरी साथीदार दोन्हीकडे तेच असतात आणि आमचे तंबोरे जवारीसाठी, म्हणजे तारांची गुंजन नीट करून घ्यायला, तिकडेच जातात, त्यामुळे तिला वगळण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईचे कार्यक्रम घेऊ नयेत, कारण त्यांच्या जाहिराती आपोआप पोहोचतात.

प्रकारांच्या बाबतीत मात्र हात आखडू नये. अल्लादिया खाँ ज्या संस्थानात दरबारी गायक होते, त्याच संस्थानाच्या राजाने खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले, आणि त्या मैदानावर आजही हलगी कडाडल्याखेरीज कुस्तीला रंग चढत नाही. ख्यालाची बैठक घेणारी आणि शाहिरी, सोंगी भजन, धनगरी ढोल, बेंजो पार्टी किंवा पेठेतल्या पोरांचे रॅप वगळणारी यादी कोल्हापूरची म्हणता येत नाही.

दुसरी पायरी : माहिती गोळा करणे

देवल क्लब ही संगीतसंस्था आणि शाहू स्मारक भवन येथील फलक, वर्तमानपत्रांतील आजच्या कार्यक्रमांचे सदर, वाद्यांच्या दुकानातील भिंत आणि चारपाच व्हॉट्सॲप गट एवढे पुरते.

तिसरी पायरी : पडताळणी

खरे काम येथे आहे, आणि येथेच मी सपशेल तोंडावर आपटले होते. यादी सुरू करून सहा महिने झाले असतील. एका संगीत मंडळाची सुबक पत्रिका हाती आली, त्यावर तारीख होती, वार होता, गायिकेचे नाव होते. वर्ष मात्र नव्हते. पत्रिकेवर ‘रविवार’ छापले होते आणि ती तारीख त्या वर्षी सोमवारी येत होती, हे मी पाहिलेच नाही. यादीत नुसती तारीख उतरवली. सोमवारी संध्याकाळी चौदा माणसे त्या सभागृहावर पोहोचली, तेव्हा आत कोणाचा तरी साखरपुडा चालला होता. त्यांच्यापैकी दोघे आग्रहाला बळी पडून जेवून आले. उरलेल्या बारा जणांनी मला फोन केले. पत्रिका मागल्या वर्षीची होती.

तेव्हापासूनचा माझा पहिला नियम असा आहे की, तारखेआधी वार तपासायचा. एखादी तारीख मागल्या वर्षी रविवारी असेल, तर यंदा ती सोमवारी येते, आणि मध्ये 29 फेब्रुवारी येऊन गेला असेल तर मंगळवारी. म्हणजे गेल्या वर्षीची पत्रिका वार जुळवताच उघडी पडते. वार छापलेलाच नसेल, तर ती पत्रिका पुराव्यात धरू नये.

दुसरा सापळा तिथीचा आहे. ‘दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे 5:30 वाजता’ असे वाचून काहीही कळत नाही, कारण काही घरांत दिवाळी वसुबारसेला सुरू होते आणि काही घरांत पहिल्या अभ्यंगस्नानाला. 2024 मध्ये आश्विन अमावास्या 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर अशी दोन दिवसांवर पसरली होती, तेव्हा लक्ष्मीपूजन कधी यावरूनच घोळ झाला आणि त्या आठवड्यातील प्रत्येक पहाट-मैफलीसाठी मला वेगळा फोन करावा लागला. कोजागरी, त्रिपुरी पौर्णिमा आणि पाडवा यांच्या बाबतीतही यादीत तिथी लिहायची असेल तर खुशाल लिहावी, पण तिच्याआधी इंग्रजी तारीख आणि वार हवेतच.

आता फोन कोणाला करायचा, या प्रश्नाकडे येऊ. बहुतेक जण आयोजकांना फोन करतात, आणि आयोजक नेहमी ‘नक्की आहे’ असेच सांगतात. ते खोटे बोलत नसतात. कार्यक्रम होणारच, अशी त्यांची मनापासून श्रद्धा असते. मुख्य गायकाला विचारले, तर तो आयोजकांकडे बोट दाखवतो. खरी माहिती असते तबलजी, संवादिनीवाले आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे यांच्याकडे, कारण त्यांचा दिवस रिकामा गेला तर त्यांचे नुकसान होते आणि म्हणून त्यांची डायरी चोख असते. मी एकदा आयोजकांचा होकार घेऊन निश्चिंत बसले होते; सहज म्हणून साउंडवाल्यांना फोन केला, तेव्हा पलीकडून उत्तर आले, ‘ताई, त्यो कार्यक्रम पुढं ढकललाय की! मी त्या तारखेला लग्नाची सुपारी घेटली.’ आयोजकांनी हीच गोष्ट मला चार दिवसांनी कळवली. म्हणून ‘कार्यक्रम आहे का?’ असे विचारू नये. ‘त्या दिवशी तुम्ही कोठे आहात?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प बसावे.

जागेच्या नावांवर तर वेगळे प्रकरण लिहिता येईल. पत्रिकेवर ‘शाहू सभागृह’ एवढेच असले, तर ते दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे सभागृह असू शकते किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील राजर्षी शाहू सभागृहही असू शकते, आणि चुकीच्या ठिकाणी गेलेल्या माणसाचा पहिला राग तरी हमखास हुकतो. ‘टेंबे रंगमंदिर’ म्हणजे देवल क्लबमधील गोविंदराव टेंबे रंगमंदिर, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक असते; नुकत्याच शहरात आलेल्या मुलीला नसते, म्हणून कंसात ‘देवल क्लब’ लिहावे. केशवराव भोसले नाट्यगृहाचे नाव दिसले, तर दोनदा खात्री करावी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत जळाले. त्याआधीच्या पत्रिका अजून फिरत असतात, आणि त्या पाहून माझ्यासारखीला अजूनही क्षणभर चुटपुट लागते.

वेळेबाबत माझे मत ठाम आहे. पत्रिकेवरील ‘सायंकाळी 6’ ही दीपप्रज्वलनाची वेळ असते; त्यानंतर प्रास्ताविक, सत्कार आणि मनोगते होऊन पहिला षड्ज लागेपर्यंत सव्वासात वाजतात. मी यादीत दोन वेळा देते : ‘कार्यक्रम 6:00, गाणे सुमारे 7:15’. यावरून काही आयोजक नाराज झाले, आणि दूरच्या उपनगरातून येणाऱ्या एका आजोबांनी मात्र आवर्जून आभार मानले. उघड्यावरचा कार्यक्रम रात्री साडेनऊला सुरू होणार असे लिहिलेले असेल, तर लगेच शंका घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवसच देता येते. तो दिवस त्या पंधरांत आहे का, एवढेच विचारावे.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक फोन वाढतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी चाळिशीकडे सरकू लागले, की नदीकाठचे आणि बाहेरगावच्या कलावंतांचे कार्यक्रम कोणी रद्द म्हणून जाहीर करत नाही, ते नुसते होत नाहीत. त्या दिवसांत मी यादी छापण्याच्या सकाळी सर्वांना पुन्हा विचारते.

चौथी पायरी : नवी गाणी

एका नव्या गाण्याला हल्ली तीन तारखा असतात : झलक टाकल्याची, गाणे प्रत्यक्ष ऐकायला मिळण्याची आणि हारतुऱ्यांसह प्रकाशन समारंभाची. यादीत फक्त मधली घ्यावी. 2015 च्या जुलैपासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत पडली आहे आणि आमची मुलेही ती पाळतात, पण ‘शुक्रवारी रात्री 12 वाजता’ असे लिहून पाठवतात. त्यांना बहुधा गुरुवार संपून शुक्रवार लागतानाची मध्यरात्र म्हणायची असते. तरीही विचारावे, कारण एकदा मी गृहीत धरले आणि एक दिवस आधीच गाणे ‘आले’ म्हणून कळवून बसले.

जुन्या गाण्याला नवी वाद्यसाथ लावली, तर ते माझ्या यादीत ‘नवे’ ठरत नाही. गीतकाराचे नाव नसलेले गाणे तर मी घेतच नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की विचारते, कोणाकडून शिकलात? निम्म्या वेळा उत्तर येते की, शेजारच्या गावातील भजनी मंडळाच्या बुवांनी रचले आहे आणि ते बुवा हयात आहेत. मग बुवांचे नाव जाते, नाहीतर गाणे जात नाही. यावरून एक गायक माझ्याशी दीड वर्ष बोलत नव्हता.

पाचवी पायरी : नोंद लिहिणे

वार, तारीख, वेळ, जागा, कलावंत, साथीदार, प्रवेश, या क्रमाने एक ओळ. साथीदारांची नावे गाळू नयेत. आपण माहिती त्यांच्याकडूनच घेतलेली असते. ‘प्रवेश विनामूल्य’ आणि ‘प्रवेशिका आवश्यक’ यांतला फरक स्पष्ट लिहावा, आणि विनामूल्य असूनही पुढच्या रांगा राखीव असतील तर तेही. ‘सुप्रसिद्ध’, ‘युवा हृदयसम्राट’ वगैरे काढून टाकावे.

सहावी पायरी : वाटप

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी यादी पाठवावी आणि चार ठिकाणी कागदावर लावावी, कारण चांगले ऐकणारे बरेच लोक अजून फलकच वाचतात. माथ्यावर ‘अमुक तारखेला सकाळी 9 पर्यंतची माहिती’ असे लिहावे. नंतर एखादा कार्यक्रम रद्द झाला, तर सुधारित यादीतून त्याची ओळ पुसू नये. ती तशीच ठेवून पुढे ठळक अक्षरांत ‘रद्द’ लिहावे. ज्याने आधीची यादी पाहून तारीख राखून ठेवलेली असते, तो नव्या यादीत नेमकी तीच ओळ शोधतो, आणि ती सापडली नाही की छापायची राहिली असे समजून सभागृहावर जातो.