बालगृह चालवताना या चुका टाळा

बालगृहात कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका गादीखाली वाळून कडक झालेल्या चपातीचे सात-आठ तुकडे सापडले. गादी नऊ वर्षांच्या मुलाची. गृहमाता म्हणाल्या, "चोरतो हो सर, कितीही वाढा." मीही त्याला चार शब्द सुनावले. ज्या पोराने दोन महिने रेल्वेच्या फलाटावर काढलेत, त्याला उद्याचं जेवण येईलच याची खात्री कुठून असणार? तो चोरत नव्हता, साठवत होता. मग त्याला घट्ट झाकणाचा डबा दिला आणि रोज रात्री त्यात बिस्किटं ठेवायला लागलो. तीनेक महिन्यांनी सकाळी डबा भरलेलाच सापडू लागला. एकदाही समजावून सांगावं लागलं नाही.

बालगृहातल्या बऱ्याच 'बेशिस्ती'चं मूळ असं कुठेतरी मागे असतं. आपण मात्र शिक्षेपासून सुरुवात करतो. शिस्त लावण्यासाठी संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलावर हात उगारला, तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 82 नुसार पहिल्यांदा 10,000 रुपये दंड आहे आणि पुन्हा केलं तर कैदही होऊ शकते. हे कलम अनेक काळजीवाहकांना माहीतच नसतं, कारण त्यांना रुजू होताना कोणी सांगितलेलं नसतं.

अंथरूण ओलं होतंय

ओली चादर सगळ्यांसमोर धुवायला लावणं ही सर्रास होणारी चूक. आधी डॉक्टरांना दाखवा, लघवीची तपासणी करून घ्या. मग रात्री स्वतः त्या मुलाच्या वाटेने चालून बघा. बाल न्याय कायद्याच्या नमुना नियमांप्रमाणे सात मुलांमागे एक संडास लागतो. आमच्याकडे तो हिशोब चोख होता, पण संडासाकडे जाणाऱ्या बोळातला दिवा दोन महिने बंद होता. लहान पोरं अंधाराला घाबरून पडून राहायची. चाळीस रुपयांचा बल्ब लावला आणि ओल्या चादरी निम्म्यावर आल्या.

मूल पळून जातं

लगेच भिंत वाढवू नका. एक वही घाला आणि तारखा लिहा. आमच्या वहीत तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: दिवाळीच्या सुट्टीत बाकीची मुलं घरी गेल्यावर, मुलाच्या प्रकरणाचा निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीची तारीख पुढे ढकलली गेल्यावर, आणि येतो म्हणालेला मामा न आल्यावर. यातलं काहीही भिंतीने थांबत नाही. मामा येणार नसेल तर मुलाला आदल्या दिवशीच खरं सांगा. रडेल, पण दिवसभर फाटकाशी उभं राहणार नाही.

सगळ्यांना 'अनाथ' म्हणणं

बालगृहातल्या कितीतरी मुलांना आई किंवा बाप असतो. आई धुणीभांडी करते, बाप दारूत गेला किंवा नुसताच गेला. भेटीच्या दिवशी अशी आई उशिरा पोचली की आपण तिलाच झापतो. ती दोन बस बदलून, दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. गरिबी हेच एकमेव कारण असेल, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळून मूल घरी राहू शकतं का, हे प्रवेश देतानाच तपासायला हवं. आपण तपासत नाही. स्पष्टच सांगायचं तर, मुलांचा पट कमी झाला की संस्थेचं अनुदान कमी होतं.

वैयक्तिक काळजी आराखडा एकावरून एक उतरवणं

एका तपासणीच्या आदल्या रात्री मी फायली चाळत होतो. हा आराखडा प्रत्येक मुलाच्या गरजा बघून वेगळा करायचा असतो. चौतीस फायलींमध्ये मात्र एकच वाक्य: "प्रवेशितास शिक्षणाची आवड आहे." त्यातली एक फाईल शाळेचं नाव काढलं की उलटी करणाऱ्या मुलाची होती. आराखडा मुलासमोर बसून भरा. त्याला काय आवडत नाही, रात्री कशाची भीती वाटते, कोणाला फोन करावासा वाटतो, एवढं लिहिलं तरी फाईल उपयोगी पडते. तक्रारपेटीचंही तसंच. तिची किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पेटी रिकामी राहण्यात नवल काय?

देणगीदारांचे वाढदिवस

हा विषय नाजूक आहे, कारण गॅस सिलेंडर त्यांच्याच पैशातून येतो. तरीही, रविवारी तीन कुटुंबं तीन केक घेऊन येतात, मुलांना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावतात आणि संध्याकाळपर्यंत फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. मुलाची ओळख उघड करणं त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही फाटकावरच फोन जमा करायला सुरुवात केली. दोन देणगीदार रागावून गेले, एक परत आले. त्यांना म्हटलं, केक नको, बारा स्टीलच्या पेट्या द्या, कुलूप-किल्लीसकट. तोवर कपडे एकाच कपाटात असायचे, ज्याच्या हाताला जो शर्ट लागेल तो त्याचा. किल्ली मिळाल्यावर एका मुलाने ती करगोट्यात ओवली आणि झोपतानाही काढली नाही.

कागदपत्रं सतराव्या वर्षी शोधणं

सगळ्यात महाग पडणारी चूक. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, पण अनाथ प्रमाणपत्र हातात नसेल तर ते कागदावरच राहतं. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं असतं आणि दुरुस्तीला महिने जातात. दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत ही फाईल पुरी करायची, असा नियम आपणच घालून घ्यावा.

अठरा झाले, आता जा

अठरानंतर 21 वर्षांपर्यंत, आणि गरज पडल्यास 23 पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. ती मिळाली तरी मुलगा तयार नसतो, कारण आपण त्याला कधी एकटं बाहेर पाठवलेलंच नसतं. सतरा वर्षांच्या एका मुलाला मी तालुक्याच्या बँकेत एसटीने धाडलं. परत येताना कंडक्टरने "कुठे?" विचारलं, तर हा म्हणाला, "बालगृह." थांब्याचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं, अकरा वर्षं तो संस्थेच्या गाडीतूनच फिरला होता. तेव्हापासून चौदा पूर्ण झालेल्यांची पाळी लावली: भाजी आणणं, पासबुक भरणं, रविवारी एक वेळचा स्वयंपाक.

आणखी एक. संस्थेचा एक मोबाइल नंबर कायम तोच ठेवा, अधीक्षक बदलले तरी. एसटीत "बालगृह" म्हणणारा तो मुलगा आता पुण्यात खोली घेऊन राहतो. परवा रात्री पावणेदहाला फोन आला. काहीतरी झालं असणार म्हणून घाईघाईने उचलला.

"सर, मूगडाळीला शिट्ट्या किती?"