ऑडिट पार्टीत नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी प्रत, मग आक्षेप

कॅगचं (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) स्थान, राज्यघटनेची कलमं १४८ ते १५१, कॅगच्या कर्तव्यांचा आणि अधिकारांचा १९७१ चा कायदा हे सगळं पाठ करूनच तुम्ही इथवर आला आहात. ते पुन्हा सांगत नाही. एवढंच पक्कं लक्षात ठेवा की शिक्षा करणं आपल्या हातात नाही. आपण कोणाला निलंबित करू शकत नाही, वसुलीचा आदेशही काढू शकत नाही. त्या १९७१ च्या कायद्यातल्या कलम १८ मुळे कार्यालयात जाऊन दप्तर मागता येतं, प्रश्न विचारता येतात आणि जे आढळलं ते लिहिता येतं. राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळाच्या पटलावर जातो, मग लोकलेखा समिती विभागाकडून त्याचा जाब घेते. तिथे तुमचा पॅरा, म्हणजे अहवालातला तुमचा आक्षेपाचा परिच्छेद, एकटा उभा असतो, तुम्ही नसता.

पॅरा पडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, आणि त्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे.

समजा, रस्त्याच्या कामाचं पहिलं चालू देयक तपासताय. कार्यारंभ आदेश २ एप्रिलचा आहे. मोजमाप पुस्तिकेत मात्र मोजमाप २८ मार्चचं आणि प्रमाणक (पैसे दिल्याचं व्हाउचर) ३१ मार्चचं. मार्चअखेर निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्याने हातचा जाऊ नये, म्हणून पैसे आधीच काढले, हे कोणालाही दिसेल. नवा माणूस पान क्रमांक आणि रक्कम वहीत टिपतो, पुस्तिका परत करतो आणि संध्याकाळी अर्धसमास ज्ञापन (कार्यालयाकडून उत्तर मागणारा लेखी आक्षेप, हाफ मार्जिन मेमो) देतो: 'काम सुरू होण्याआधीच देयक अदा केले.' घात होतो तो पुस्तिका परत केली तिथे.

पार्टी तिथून परतल्यावर कार्यालयाचं उत्तर येतं. 'तारीख नजरचुकीने पडली, दुरुस्ती केली आहे.' किंवा 'तातडीची बाब म्हणून तोंडी आदेशावर काम सुरू केले, कार्योत्तर मंजुरी घेतली आहे.' किंवा 'मूळ पुस्तिका उपविभागाकडे आहे.' तुमच्याकडे फक्त तुमच्याच अक्षरातली नोंद. मुख्यालय विचारतं, की डॉक्युमेंट कुठे आहे? तिथे आक्षेप संपला. खरा होता, तरी संपला. याची रुखरुख फार दिवस पुरते.

म्हणून पुस्तिका हातात असेपर्यंतच प्रती घ्या. ते पान, त्याच्या मागचं आणि पुढचं पान, म्हणजे मधे नंतर काही घुसवता येणार नाही. पुस्तिकेचा क्रमांक असलेलं पहिलं पान. प्रमाणक. कार्यारंभ आदेश. आणि हमखास विसरलं जाणारं, जावक नोंदवहीतलं तो आदेश ज्या क्रमांकाने गेला ते पान. आदेशावरची तारीख बदलता येते, पण जावक वहीत आधीचा आणि नंतरचा क्रमांक आडवा येतो. प्रत्येक प्रतीवर त्या कार्यालयाच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि साक्षांकनाची तारीख हवी. नुसती झेरॉक्स पुरावा म्हणून टिकत नाही.

मग ज्ञापन. त्यात आधी फक्त तथ्यं मांडा आणि 'ही तथ्ये बरोबर असल्याची पुष्टी करावी' असं लिहा. असं का झालं, ते त्यानंतर विचारा. 'गैरव्यवहार', 'संगनमत' हे शब्द इथे नकोत. तथ्य एकदा लेखी मान्य झालं की नंतरचं उत्तर कसंही फिरलं तरी पाया हलत नाही.

दप्तर मिळालं नाही तर तोंडी आठवण करत बसू नका. यादीसह लेखी मागणी द्या, पोच घ्या, दोन दिवसांनी स्मरणपत्र द्या. दप्तर सादर न करणं हाच अहवालात लिहिण्याजोगा मुद्दा आहे. पण तो पोचेशिवाय लिहिता येत नाही.

नियम लावताना व्यवहाराच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता ते बघा, आजचा नाही. क्रमांक, दिनांक आणि संगणक सांकेतांक तिन्ही टिपा. नंतरची शुद्धिपत्रकंही शोधा. शुद्धिपत्रकात मर्यादा वाढवलेली असली तर तुमचा आख्खा हिशेब कोसळतो.

मागच्या तपासणी अहवालातला पॅरा उचलून आकडे बदलायचे, हा शॉर्टकट तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्रेमाने शिकवेल. शिकू नका. जुना अहवाल वाचायचा तो कोणते मुद्दे अजून प्रलंबित आहेत ते पाहायला. मसुद्यावर न वाचता सही करणाऱ्या वरिष्ठांपेक्षा, लाल पेनाने 'कशावरून?' असं दहा ठिकाणी लिहिणारे साहेब लाभले तर नशीब समजा. त्या वेळी राग येतो, पण त्यांच्याच हाताखाली हात बसतो. आणि ज्या कार्यालयाची तपासणी करताय त्यांचा पाहुणचार घेऊ नका. गाडी नको, जेवण नको. चहापलीकडे काहीच नको.

सुरुवातीला दहापैकी सहा-सात मुद्दे उत्तर आल्यावर गळतील. घाबरू नका, ते अपयश नव्हे. समाधानकारक उत्तर आलं तर आक्षेप मोकळ्या मनाने सोडावा. त्यामुळेच उरलेल्यांना वजन येतं. तपासणी सुरू असतानाच वसुली होऊन पैसे भरल्याचं चलन हातात आलं, तर तेही कामच झालं. फक्त त्या चलनाचा कोषागाराकडून पडताळा करून घ्या.

शेवटच्या दिवशी कार्यालय प्रमुखांबरोबर समारोपाची बैठक होते. प्रत्येक मुद्द्यावर ते काय म्हणाले त्याचं इतिवृत्त तिथेच लिहून सही घ्या. 'नंतर पाठवतो' म्हणाले तरी बसून राहा, सही होईपर्यंत.