खुराड्यात लाल माइट झालेत? या चुका टाळा

खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून गेली की पहिला दोष तिलाच दिला जातो. आमच्याकडेही तेच झालं. रत्नागिरीकडचा पावसाळा, जांभ्या चिऱ्याचं (दगडाचं) खुराडं, बसायला बांबूच्या दांड्या, आणि बारा अंड्यांवर बसवलेली शहाणी गावरान कोंबडी. अकराव्या दिवशी ती पाटी सोडून अंगणात उभी. परत बसवली, परत उठली. तुरा पांढुरका पडलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिला खोडच आहे, दुसरी बसव." मी पाटीतला पेंढा उचलला आणि मनगटापर्यंत काहीतरी बारीक सरसरत चढलं. खोड कसली! तिचं रक्त पिणारे हजारो जीव त्या पेंढ्यात होते आणि ती बिचारी अकरा दिवस सोसत बसली होती.

हे लाल माइट. आकाराने मिलिमीटरभरसुद्धा नाहीत. उपाशी असताना राखाडी दिसतात, रक्त प्यायले की लाल होतात. आपल्याकडे त्यांना सरसकट उवा किंवा पिसवा म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधणं

उवा दिवसरात्र कोंबडीच्या अंगावर राहतात. लाल माइट तसे राहत नाहीत. ते रात्री अंधारात अंगावर चढतात, पोट भरलं की उतरतात आणि दिवसभर फटीत लपतात. त्यामुळे दुपारी कोंबडी धरून पिसं फुंकून बघितली तर काहीच दिसत नाही. मग तुरा फिका, अंडी कमी, कोंबडी मलूल, एवढंच हाती राहतं. लोक मानमोडीची शंका घेतात, टॉनिक आणतात, खाद्य बदलतात. खुराड्याकडे मात्र कोणी बघत नाही.

तपासायचं ते रात्री. कोंबड्या बसल्यावर दीड-दोन तासांनी बॅटरी आणि जुनं पांढरं धोतर किंवा पंचा घेऊन जा. दांडीची खालची बाजू आणि दांडी भिंतीत जिथे घुसते ते टोक कापडाने जोरात पुसा. कापडावर लाल रेघोट्या उमटल्या की समजा, आहेत. ते रक्त तुमच्या कोंबड्यांचं आहे. दिवसा बघायचं तर दांडीच्या टोकाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसते, कधी अंड्यांवर लाल ठिपके दिसतात. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला का-कू करून झाडावर बसू लागल्या, तर ती फार खरी खूण आहे. त्यांना मारून-मुटकून आत कोंडू नका.

एक फरक लक्षात ठेवा. दिवसाही शेपटीखाली, गुदद्वाराभोवती पिसं काळवंडलेली आणि किडे चालताना दिसले तर ते अंगावरच राहणारे दुसरे माइट किंवा उवा असतात. तिथे कोंबडीवरच उपचार करावा लागतो. चपटे, मोठे, डोळ्यांना सहज दिसणारे असतील तर ती कोंबडीची गोचीड. तीही दिवसा फटीत लपते, पण औषध ठरवण्याआधी ओळख नक्की करून घ्या.

हाताला येईल ते औषध मारणं

या चुकीची मला सर्वांत जास्त भीती वाटते. कोणी रॉकेल चोळतं, कोणी बागेत मारायचं कीटकनाशक फवारतं, कोणाच्या माळ्यावर अजून जुनी गॅमॅक्सीनची पावडर सापडते. त्यातल्या बीएचसी या विषावर भारतात 1997 पासून बंदी आहे. रॉकेलने कोंबडीची कातडी भाजते आणि लाकडी खुराड्याला आगीचा धोका होतो तो वेगळा. शेतीच्या औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो आणि तीच अंडी आपण मुलांच्या ताटात वाढतो.

गुरांच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन बरेच जण वापरतात. वापरायचं तर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. किती पातळ करायचं, फक्त खुराड्यालाच मारायचं का, अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिन्ही प्रश्न सोडू नका. फवारताना कोंबड्या, खाद्य आणि पाण्याची भांडी बाहेर हवीत. हे औषध माशांना आणि मांजरांना घातक आहे, तेव्हा उरलेलं पाणी वहाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

राखेचं मात्र उलट. राखेत लोळणं कोंबडीला चांगलंच, ते चालू ठेवा. पण लाल माइट दिवसभर भिंतीत असतील तर नुसत्या राखेने ते कसे जाणार? आणि कोकणातल्या पावसात राख काय, कुठलीही भुकटी ओलावली की निकामी होते.

एकदाच साफ करून थांबणं

आम्ही पहिल्यांदा खुराडं धुतलं, फवारलं, आणि पाच दिवस सगळं छान होतं. दहाव्या दिवशी कापड पुन्हा लाल. कारण साधं आहे: फटीतली अंडी वाचतात. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. म्हणून तेच काम सातव्या दिवशी पुन्हा, आणि त्यानंतर आठवड्याने तिसऱ्यांदा करायचं. तिसरी वेळ कंटाळवाणी असते, पण ती टाळू नका.

काम असं केलं. सगळा पेंढा आणि पाटीतलं गवत बाहेर काढून लगेच जाळलं, उकिरड्यावर नाही टाकलं. दांड्या उपसल्या. बांबूच्या पोकळ टोकांत तर त्यांची वस्तीच होती. ते बांबू जाळून गुळगुळीत, फट नसलेल्या लाकडी दांड्या घातल्या. भिंती तारेच्या ब्रशने खरवडल्या आणि उकळतं पाणी भोकाभोकांत ओतलं. 45 अंशांच्या वर हे किडे तग धरत नाहीत, पण कोमट पाण्याचा काही उपयोग नाही. चिरा म्हणजे नुसती भोकं, तेव्हा वाळल्यावर ती सिमेंटने बुजवली आणि वरून चुन्याचा दाट हात मारला. फ्लेम गनही चालते, पण फक्त दगडी किंवा लोखंडी खुराड्याला, वर झावळ्या नसतील तरच.

नव्या दांड्या भिंतीत न खोचता स्टँडवर ठेवल्या. स्टँड भिंतीला टेकत नाही आणि त्याचे पाय तळणाच्या उरलेल्या तेलाच्या वाट्यांत आहेत, म्हणजे भिंतीतून कोणी चालत वर येणार नाही. दांडीच्या टोकाला नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी बांधायची, दोन दिवसांनी काढून जाळायची. फट समजून ते त्यात शिरतात, आणि अजून किती उरलेत तेही कळतं.

खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं की मरतील, हा समज

मरत नाहीत. थंड, दमट जागेत ते 8-9 महिनेही उपाशी राहतात. रिकाम्या खुराड्यात शिरलेल्या माणसाला चावतात, हातापायाला खाज सुटते. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, साबणाने अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढं पुरतं.

वळचणीला चिमण्या-साळुंख्यांची घरटी असतील तर पिल्लं उडून गेल्यावर काढून टाका, तिथूनही माइट येतात. जुना पिंजरा, क्रेट किंवा अंड्यांचे ट्रे आणलेत तर आधी उन्हात आणि उकळत्या पाण्यात, मग आत. नवी कोंबडी आठवडाभर वेगळी ठेवा.

ती कोंबडी पुढे महिनाभराने सावरली, तुरा पुन्हा तांबडा झाला. नव्या पाटीत, नव्या पेंढ्यावर बसली तेव्हा मी रोज रात्री पाटीखाली कापड फिरवत होते. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ते कापड अजून फिरतं.