शाळेच्या लायब्ररीत क्यूआर कोड लावायचेत? आधी मुलांचा आवाज रेकॉर्ड करा

बालभारतीच्या पुस्तकातला कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतो, वडापावच्या गाडीवरचा पैसे घेतो, त्यामुळे पुण्यातल्या पाचवीच्या पोराला क्यूआर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण लायब्ररीत बरेच जण आधी पुस्तकांची यादीच कोडला जोडतात आणि ती एकही मूल उघडत नाही. माझं ऐकाल तर ज्या मुलांनी पुस्तक वाचलंय त्यांनाच एक मिनिट बोलायला लावा आणि त्या रेकॉर्डिंगचा कोड पुस्तकाला चिकटवा. आमच्याकडे सहावीतली एक मुलगी रेकॉर्डिंगमध्ये म्हणाली, "शेवटचं पान आधी बघू नका हां, मी बघितलं आणि रडले", आणि ते पुस्तक त्यानंतर कपाटात टिकेचना. रेकॉर्डिंगमध्ये मुलाचं नाव घ्यायचं नाही आणि पालकांना आधी विचारायचं, हे मात्र पक्कं ठेवा.

फाइल गूगल ड्राइव्हवर टाका आणि शेअरिंगमध्ये लिंक असणाऱ्या कोणालाही दिसेल असं करा, नाहीतर स्कॅन केल्यावर परवानगी मागत बसतं आणि मूल निघून जातं. पुढे रेकॉर्डिंग बदलायचं असेल तर त्याच फाइलची नवी व्हर्जन अपलोड करा, लिंक तीच राहते, कोड परत छापावा लागत नाही.

कोड स्टॅटिकच घ्या, हे कळकळीने सांगतेय. मी एका फुकट साइटवरून चाळीस कोड केले होते, ते निघाले डायनॅमिक, म्हणजे कोडमध्ये आपली लिंक नाही तर त्या साइटची, ट्रायल संपली आणि सगळे एका दिवसात बंद, पोरं येऊन विचारायला लागली की बाई हे उघडत का नाही. स्टॅटिकमध्ये आपली लिंक त्या चौकटींतच असते, त्यामुळे फाइल ड्राइव्हवर आहे तोवर कोड कोणी बंद करू शकत नाही. क्रोमच्या शेअर मेनूतून फुकटात होतो.

कोड बनवताना एरर करेक्शन निवडता आलं तर एच ही पातळी घ्या, 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचला जातो, आणि मुलांच्या हातातलं पुस्तक म्हटल्यावर तो खराब होणारच. कमीत कमी अडीच सेंटिमीटर, कडेने पांढरी जागा सोडून, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, पुट्ठा वाकतो तिथे नको. वरून चकचकीत टेप लावू नका, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा गोंधळतो, मॅट स्टिकर पेपर अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो.

मोबाइल शाळेत चालत नसेल तर टेबलावर एक जुना टॅब आणि हेडफोन पुरतो.

देवघेवीसाठी वेगळा कोड करायचा असेल तर त्यात लिंक नको, नुसता दाखल नंबर (लायब्ररीच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) टाका, इंटरनेट नसलं तरी चालतो. फक्त स्कॅनर घेताना टू-डी आहे ना ते विचारा, साधा बारकोडवाला क्यूआर वाचत नाही.